शेवटच्या रुळापर्यंत

खऱ्या रेल्वेच्या रुळाला मुख्यतः दोन कामं. ओझं पेलायचं आणि चाकाला वाट द्यायची. टेबलावरच्या छोट्या रेल्वेत त्याच रुळावर तिसरं काम येऊन पडतं, गाडीपर्यंत वीज पोचवण्याचं. वर तार नसते, मध्ये तिसरा रूळ नसतो, इंजिनाच्या पोटात बॅटरी नसते. एका रुळातली वीज चाकावाटे इंजिनात चढते, मोटर फिरवते आणि पलीकडच्या चाकावाटे दुसऱ्या रुळात उतरून माघारी जाते. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. तेवढ्या अंतरावर १२ व्होल्टचे दोन ध्रुव वळणांवरून, बोगद्यांतून, पुलांवरून सगळ्या टेबलभर शेजारी शेजारी फिरतात आणि कुठेही एकमेकांना शिवत नाहीत.

हे न शिवणं मुद्दाम घडवावं लागतं. डब्यांना धातूची चाकं असतील, तर प्रत्येक आसावरचं निदान एक चाक प्लास्टिकच्या बारीक कड्याने आसापासून वेगळं ठेवलेलं असतं. ते कडं नसेल तर पहिलाच डबा दोन्ही रूळ जोडून टाकील आणि सगळं टेबल ठप्प होईल. पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. दोन रूळ कायम शेजारी, आणि त्यांना भेटायची मुभा एकाच जागी, इंजिनाच्या मोटरीत. त्या एका भेटीतून गती निघते. या छंदाकडे मी ओढला गेलो तो वाफेच्या इंजिनांच्या रूपामुळे, पण रमलो तो या दोन रुळांच्या विचारात.

ही कल्पना मुळात खेळण्यांसाठी निघालेली नाही. १८८१ मध्ये वर्नर फॉन सीमेन्सने बर्लिनजवळ ग्रोस-लिश्टरफेल्डे इथे विजेची ट्राम सुरू केली. माणसं नेणारी, खरीखुरी ट्राम. तिला वीज मिळायची ती दोन रुळांतूनच, १८० व्होल्टची. रूळ ओलांडताना माणसांना आणि नाल ठोकलेल्या घोड्यांना झटके बसायचे. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर मॅग्नस व्होल्कने आपली छोटी विजेची गाडी सुरू केली, तीही दोन रुळांवर, ५० व्होल्टवर. किनाऱ्यावरच्या ओलीत वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपू लागली आणि १८८६ मध्ये त्याला तिसरा रूळ घालावा लागला. मोठ्या रेल्वेने पुढे ही वाट सोडलीच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, तेव्हा १५०० व्होल्ट डोक्यावरच्या तारेत होते आणि रुळांकडे फक्त परतीचा प्रवाह होता. आज तारेत २५ हजार व्होल्ट असतात. परतीची वाट मात्र अजून रूळच.

मोठ्यांनी सोडलेली ही वाट छोट्या रेल्वेने उचलून धरली, कारण घरातली खोली कोरडी असते आणि १२ व्होल्ट हाताला लागतही नाहीत. तरी ती सुरुवातीपासून सगळ्यांनी स्वीकारली असं झालं नाही. अमेरिकेतल्या लायोनेलने मधोमध तिसरा रूळ ठेवला. इंग्लंडातली हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये आली ती तीन रुळांवर आणि दोन रुळांवर यायला तिला १९५९ उजाडलं. जर्मनीतल्या मेर्क्लिनने मधला रूळ काढून स्लीपरांवर बारीक बारीक टोकं बसवली, म्हणजे तिसरा रूळ दिसेनासा केला, पण ठेवला. तिसऱ्या रुळाची सोय मोठी आहे. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे, त्यामुळे चाकं वेगळी ठेवायला नकोत, रूळ कसाही फिरवून कुठेही जोडला तरी चालतो. इतकी सोय हाताशी असताना लोकांनी दोन रुळांची अवघड पद्धत का धरली? उत्तर साधं आहे. पुणे-मिरज मार्गावरच्या एखाद्या लहान स्टेशनाच्या फलाटावरून खाली पाहिलं तर दोनच रूळ दिसतात. टेबलावर तेच दिसावं, या एका हट्टापायी छंद करणाऱ्यांच्या पिढ्यांनी खालच्या जोडणीचा सगळा त्रास अंगावर घेतला. मला तो हट्ट मनापासून पटतो.

दोन रुळांचं आणखी एक वैशिष्ट्य मुलांना दाखवलं की ती हरखून जातात. ठरलेल्या मानकानुसार, इंजिनाच्या तोंडाकडे बघत उभ्या असलेल्या माणसाच्या नव्हे, तर इंजिनातल्या ड्रायव्हरच्या उजव्या हाताचा रूळ धन असेल तर इंजिन पुढे जातं. आता ते इंजिन उचलायचं, तोंड फिरवायचं आणि पुन्हा त्याच रुळावर ठेवायचं. ते उलटीकडे जाईल अशी सगळ्यांची अटकळ असते. पण ते पहिल्याच दिशेला जातं, आता पाठमोरं. त्याचा उजवा हात बदलला, रूळ बदलले नाहीत. मधल्या रुळाच्या पद्धतीत असं होत नाही, तिथे दिशा इंजिनाकडे असते. इथे ती रुळात असते. माझ्या पुतणीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “काका, मग इंजिनाला काहीच ठरवता येत नाही?” मी म्हटलं, “नाही बाळा. ज्याने रूळ जोडले, त्यानेच ठरवलेलं असतं.” तिला उत्तर दिलं आणि ते माझ्याच मनात राहून गेलं. गाडी अडली, अडखळली, उलटी गेली, तर पहिला प्रश्न इंजिनाला विचारायचा नसतो. तो जोडणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो.

आणि गाड्या अडतात त्या बहुधा दूरच्या टोकाला.

छोट्या रेल्वेचे चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, तोच हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. चांदीचा त्यात कणही नसतो. तो गंजत नाही आणि पितळासारखा लवकर काळवंडत नाही, म्हणून रुळाला उत्तम. पण विजेला त्याचा अडथळा तांब्याच्या दहापटीहून जास्त. त्यात रुळाचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात ते पत्र्याच्या लहानशा जॉइनरने. नवा असताना तो घट्ट बसतो. मग हवामानाने लाकूड फुगतं, आकसतं, रूळ सरकतात, जॉइनर सैल होतो, त्यात पावसाळ्याची दमट हवा शिरते. सैल पडलेल्या एका सांध्याने एक ओहमचा अडथळा केला असं धरू. अर्धा अँपिअर घेणारं इंजिन त्या सांध्यापलीकडे गेलं की अर्धा व्होल्ट तिथेच संपतो. असे पाच सांधे, आणि वीज जायला एक रूळ, यायला दुसरा, म्हणजे दहा सांधे. १२ व्होल्टमधले पाच वाटेत गेले, टोकाला सात उरले. रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरजवळ ऐटीत धावणारी गाडी पलीकडच्या भिंतीशी धापा टाकते ती अशी.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या टेलचं. तिकडे हेड आणि टेल हे शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतात. कालव्याला पाणी सुटलं ही बातमी हेडला आनंदाची असते, टेलला ती फक्त बातमी असते. मधल्या वाटेत पाणी झिरपतं, उपसलं जातं, आणि आवर्तन संपायच्या सुमारास टेलच्या चारीत जे येतं त्यावर मामा रात्री कंदील घेऊन दारं धरायला जात. पाटबंधाऱ्याच्या कारभारात म्हणूनच एक नियम सांगितला जातो, टेल टू हेड. आधी शेवटच्या शेताला पाणी द्यायचं, मग मागे मागे येत हेडला. तो पाळला जातो तेव्हा कालवा सगळ्यांचा होतो. रुळांची जोडणी शिकताना मला पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा हा नियम जास्त उपयोगी पडला. रुळालाच कालवा मानलं तर टेल कोरडी राहणार. कालवा वेगळा हवा, तांब्याचा, फळीच्या खालून जाणारा, आणि त्याच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची चारी हवी.

छंदात त्या तांब्याच्या कालव्याला बस म्हणतात आणि चाऱ्यांना फीडर. बस म्हणजे दोन जाड वायरींची जोडी, लाल आणि काळी, टेबलाच्या पोटाखालून रुळांच्या बरोबरीने शेवटपर्यंत गेलेली. ती घ्यायला मी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, “किती वॅटचा लोड आहे, साहेब?” मी खेळण्यातल्या रेल्वेचं सांगितल्यावर तो म्हणाला, “बारा व्होल्टला अडीच एमएमची वायर? अहो, यावर घरातला गीझर चालतो.” मी म्हटलं, “गीझरकडे २३० व्होल्ट असतात. त्यातला एखादा वाटेत सांडला तर कुणाला कळतही नाही. माझ्याकडे बाराच आहेत.” त्याने मान डोलावली आणि भेंडोळं मोजायला घेतलं. त्याला ते लगेच पटलं, कारण दूरच्या वस्तीवर मंद जळणारा दिवा त्यानेही पाहिलेला असणार. हिशेब सोपा आहे. दीड एमएमची तांब्याची वायरही मीटरला साधारण १२ मिलिओहम एवढाच अडथळा करते. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत यायचं, तरी अर्ध्या अँपिअरला सहा शतांश व्होल्टच जातात. रुळांच्या सांध्यांमध्ये पाच व्होल्ट गमवायचे की तांब्यात सहा शतांश, एवढाच निर्णय असतो.

फीडर जोडण्याचं काम मला पूजेसारखं निवांत करायला आवडतं. रुळाच्या बाहेरच्या बाजूला, चाकाची कड जिथे लागत नाही तिथे, रूळ घासून लखलखीत करायचा. शेजारच्या दोन्ही स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, नाहीतर प्लास्टिक वितळतं. फळीला भोक पाडून बारीक वायर खालून वर घ्यायची, सोललेलं टोक रुळाच्या पोटाला टेकवायचं, पेस्ट लावायची. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं. तापलेल्या टोकाने काम क्षणात होतं, कोमट टोक रेंगाळत राहतं आणि सगळं जाळतं. डाख चमकदार आणि पसरट बसला की समजायचं, रूळ आणि वायर एक झाले. मग लाल वायर लाल बसला, काळी काळीला. मागचा, पुढचा, वरचा, खालचा अशा शब्दांवर इथे भिस्त ठेवता येत नाही, कारण फळीखाली आडवं पडलेल्या माणसाची डावी-उजवी बदललेली असते. रंगावरच विश्वास. जोडणीची सुरुवात मी टेलपासून करतो. बसचं शेवटचं टोक, तिथला शेवटचा तुकडा, त्याचा फीडर आधी. मग मागे यायचं.

वीज दूरवर पोचली की मग वाट बदलणाऱ्या सांध्यांचा प्रश्न येतो; हे सांधे निराळे. जिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात तिथे एकीचा उजवा रूळ दुसरीच्या डाव्या रुळाला कापून जातो. ज्या टोकदार तुकड्यावर हे घडतं त्याला फ्रॉग म्हणतात. गाडी सरळ जात असेल तर तो एका ध्रुवाचा असायला हवा, वळत असेल तर दुसऱ्या. काही कंपन्या तो तुकडा प्लास्टिकचा करून प्रश्न मिटवतात, पण मग आखूड इंजिन नेमकं त्यावर येऊन मुकं होतं. फ्रॉगला वीज द्यायची आणि सांधा हलेल तसा त्याचा ध्रुव बदलायचा, ही खरी तोड. त्याला एक जादा वायर आणि एक स्विच लागतो. दर सांध्याला ही मेहनत करणाऱ्याची गाडी यार्डातून मुंगीच्या चालीनेही न थबकता जाते.

सगळ्यात खोल प्रश्न परत फिरण्याचा. रूळ गोल नेऊन आल्या वाटेला पुन्हा जोडला, की डावा रूळ येऊन उजव्याला मिळतो. कागदावर रेघ ओढून पाहावं, बोटाने डाव्या रेघेवरून जावं, परत येताना बोट उजव्या रेघेवर असतं. तीन रुळांना याचं काही वाटत नाही, दोन रुळांत हा थेट शॉर्ट. यावरचा उपाय मला फार आवडतो. त्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे, मधला भाग सबंध गाडी मावेल इतका लांब ठेवायचा आणि त्याला स्वतंत्र वीज द्यायची. गाडी पूर्ण आत आली की बाहेरच्या मुख्य मार्गाचे ध्रुव बदलायचे. आतल्या गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही, ती चालतच राहते. बाहेर पडते तेव्हा पुढचा मार्ग तिच्या बाजूचा झालेला असतो. हे करणाऱ्या स्विचच्या पाठीला सहा पाय असतात, मधल्या दोहोंवर वीज येते आणि कोपऱ्यांतल्या चार पायांवर तारांची फुली घातलेली असते. मी बनवलेल्या जोडण्यांपैकी हात लावून पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते ती ही फुली.

आमच्या सोसायटीत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. फळीखाली वाकून त्यांनी सगळी जोडणी निरखली आणि म्हणाले, “तुम्ही रुळातून गाडी चालवता. आम्ही रुळातून गाडी ओळखायचो.” खऱ्या रुळांतही वीज असते, हे मला त्यांनी नीट समजावलं. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने या युक्तीचं पेटंट घेतलं. रुळांच्या कापलेल्या टप्प्याच्या एका टोकाला थोडी वीज सोडायची, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिची चाकं दोन रूळ जोडतात, रिलेला वीज मिळत नाही, तो पडतो, सिग्नल लाल होतो. तार तुटली, रूळ मोडला, वीज गेली, तरीही लालच. चूक झाली तर ती थांबवण्याच्या बाजूने व्हावी, अशी ही रचना. १९२८ मध्ये बोरीबंदर ते भायखळा मार्गावर देशातले पहिले स्वयंचलित रंगीत सिग्नल लागले. आजही मुसळधार पावसात रुळांवर पाणी चढतं तेव्हा वीज पाण्यातून एका रुळातून दुसऱ्यात जाते, गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो आणि लोकल उभी राहते. “लोक वैतागतात,” काका म्हणाले, “पण त्या क्षणी यंत्रणा इमानाने वागत असते.” जे चाकांचं जोडणं माझ्या टेबलावर अपघात ठरतं, त्याच जोडण्यावर लाखो माणसं रोज सुखरूप घरी पोचतात, हे ऐकल्यापासून मी मुंबईच्या रुळांकडे निराळ्या आदराने बघतो.

आता छोट्या रेल्वेतही रूळ दुहेरी काम करतात. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामातून उभी राहिलेली डिजिटल पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या छंदकरांच्या संघटनेने मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात रुळांवरचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा बदलतात आणि त्या बदलांच्या लांबी-आखूडपणात इंजिनासाठी निरोप लिहिलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदाचे अर्धे ठोके म्हणजे एक, १०० किंवा त्याहून लांब म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिन आपला पत्ता असलेला निरोप तेवढा उचलतं. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर आता बदललं आहे, इंजिन स्वतः ऐकून ठरवतं. पण खालच्या तांब्याची गरज त्यामुळे वाढली आहे. या पद्धतीत रुळांवर पाच अँपिअरपर्यंत वीज असू शकते. दूरच्या टोकाला शॉर्ट झाला आणि वाटेतल्या सांध्यांनी वीज अडवली, तर संरक्षण यंत्रणेला शॉर्ट झाल्याचं कळतच नाही आणि ती सगळी ताकद एखाद्या सांध्यात उष्णता होऊन साठते. डबे वितळतात ते यामुळे. म्हणून रुळाच्या प्रत्येक भागावर आडवं नाणं ठेवून बघायची रीत आहे. नाणं ठेवताच वीज तुटली तर जोडणी पक्की. सगळ्यात आधी नाणं ठेवायचं ते टेलला.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना धावती छोटी रेल्वे पहिल्यांदा तिथे दिसली. येणाऱ्या प्रत्येक गटासमोर गाड्या सुटायला हव्यात, थांबायला हव्यात, वेळेवर परत यायला हव्यात. घरच्या टेबलावर एखादी संध्याकाळ चुकली तरी चालतं. तिथे समोर मुलं बसलेली असतात. असं काम वर्षानुवर्षं चालू ठेवायला इंजिनांच्या प्रेमाइतकीच सांध्यांची आणि तारांची निगा लागते. त्या निगेला पुण्याने मनापासून दाद द्यायला हवी.

नव्याने रूळ जोडायला बसणाऱ्याला मला मीटरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. रिकाम्या रुळावर मीटर लावला की तो सगळीकडे १२ व्होल्टच दाखवतो, सैल सांध्यापलीकडेही. मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाही, म्हणून वाटेत काही सांडत नाही. ते माप खरं असतं, पण त्याचा उपयोग नसतो. शेवटच्या तुकड्यावर सगळ्यात जड गाडी उभी करावी, तिला चढावर ओढू द्यावं आणि ती ओढत असताना तिथेच मीटर लावावा. तेव्हा जो आकडा दिसेल तोच आपल्या जोडणीचा आकडा. तो कंट्रोलरजवळच्या आकड्याच्या आसपास असेल, तर मधल्या प्रत्येक तुकड्याची काळजी घेतली गेली आहे असं समजावं. कमी असेल तर फळीखाली जावं आणि आणखी एक फीडर जोडावा. कालवा असो, वीज असो की गावच्या शाळेला आलेला निधी, मोजायचं ते शेवटच्या टोकाला आणि तिथे काम चालू असताना. जवळच्या टोकाला सगळंच पुरेसं दिसतं.